सबस्क्रायबर किती झाले ते सोडून काहीही विचारा

मी व्हिडिओ बनवते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती सबस्क्रायबर झाले गं?" आणि आकडा ऐकून समोरच्याचा चेहरा जरा पडला की लगेच दुसरा, "मग पैसेबिसे मिळतात का काही?" नातेवाईक असोत, वर्गातली पोरं असोत, नाहीतर बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणी अनोळखी काकू असोत, क्रम तोच. म्हणून आधी ते उरकूनच टाकते.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी मिळून ४००० तास तुमचे व्हिडिओ बघितलेले असावे लागतात, किंवा मग ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. २०२३ पासून एक खालची पायरी पण आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ अपलोड आणि ३००० तास, पण तिथे मेंबरशिप वगैरे सुरू होते, जाहिरातींतला वाटा नाही मिळत. आता ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माझा व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, त्यातली दोन मिनिटं जरी प्रत्येकाने बघितली असं धरलं तरी वर्षभरात १,२०,००० वेळा कुणीतरी तो लावायला हवा. माझ्याकडे जेवढे लोक येतात ते आमच्या वर्गात बसतील, मागच्या बेंचवर थोडी दाटी होईल इतकंच. झालं, पैशाचा विषय संपला.

आता जे कुणीच विचारत नाही ते सांगते, की मी बनवते काय. माझे व्हिडिओ हातांचे असतात. म्हणजे कुणीतरी काहीतरी हाताने करतंय, शिवतंय, ठोकतंय, उघडून दुरुस्त करतंय, आणि मी शेजारी बसून ते शूट करते आणि करता करता त्या माणसाला बोलतं करते. माझा चेहरा नसतो, "नमस्कार मित्रांनो" नसतं, लाइक-शेअर-घंटी पण नसते. कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलून बघितलंय मी पण समोर लेन्स आली की माझं मराठी एकदम वक्तृत्व स्पर्धेतलं होतं, "आज आपण जाणून घेणार आहोत" वगैरे, अरे घरात कोण असं बोलतं, माझ्या भावाने तो आवाज काढून काढून मला इतकं पिडलं की विचारू नका. कॅमेऱ्याच्या मागे मी जास्त बरी आहे.

सामान विचाराल तर फोन, एक छोटा कॉलर माइक, एक ट्रायपॉड ज्याचा एक पाय चिकटपट्टीने जोडलाय, आणि होस्टेलवरचा जुना लॅपटॉप. एवढंच. लोकांना वाटतं चांगला कॅमेरा नाही म्हणून अडलंय, पण माझ्या मते अडतं ते आवाजापाशी. चित्र थोडं धूसर असेल तर माणूस बघत राहतो, आवाज घुमत असेल तर अर्ध्या मिनिटात पुढे जातो, मी स्वतः जाते. आणि हे सुधारायला पैसे लागतच नाहीत, जवळ जावं लागतं फक्त. बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो पण पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या खोलीतल्या गप्पांचा आवाज तेवढाच राहतो, म्हणजे जेवढे तुम्ही लांब तेवढा पंखा मोठा. माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावला की निम्मं काम तिथेच होतं. दुसरं म्हणजे बऱ्याच फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते, माणूस बोलायचा थांबला की फोनला वाटतं आवाज कमी झाला, तो उचलतो, आणि मग प्रत्येक वाक्यानंतर पंखा हळूहळू मोठा मोठा होत जातो. असं अॅप वापरायचं ज्यात ते बंद करता येतं. बस.

चित्राचं एकच सांगते कारण ते मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. ट्यूबलाइटखाली शूट केलं की स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात ना, तो फोन खराब नसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला कळत नाही पण फोनचा शटर (व्हिडिओतल्या एकेका चित्राला, म्हणजे फ्रेमला, किती सेकंद उजेड मिळतो ते) जर १/६० वर असेल तर प्रत्येक फ्रेमला वेगळाच तुकडा मिळतो आणि पट्टे चालायला लागतात. शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा, पट्टे गायब. आणि सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर तसंही १/५० च लागतो, हालचाल त्यातच नैसर्गिक दिसते. नेटवरचे बरेचसे ट्युटोरियल ६० हर्ट्झवाल्या देशातले असतात, ते बिनधास्त १/६० सांगतात, आणि आपण आपल्या ट्यूबलाइटला शिव्या घालत बसतो.

तर आता काकांबद्दल.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मागे एक खोली आहे जिथे मुलं जात नाहीत, तिथे बाइंडिंगवाले काका बसतात. फाटलेली पुस्तकं त्यांच्याकडे जातात आणि धडधाकट होऊन परत येतात, आणि आपल्याला वाटतं की पुस्तक मुळात तसंच होतं. मी तिथे गेले होते एक पुस्तक सापडत नव्हतं म्हणून, ते होतं काकांच्या टेबलावर, सगळे फर्मे, म्हणजे दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे करून ठेवलेले, आणि काका दोऱ्याला मेण लावत होते. मेणाच्या गोळ्यातून दोरा ओढला की एक आवाज येतो, बारीक, कुईं करून, आणि मग तोच दोरा कागदातून जाताना अगदी वेगळा येतो, कोरडा. मी तिथेच ठरवलं, पुस्तकाचं राहू दे.

काकांना विचारलं तर म्हणाले, "माझा कशाला काढतेस, त्या नवीन कॉम्प्युटर सेक्शनचा काढ की." मी म्हटलं काका तिथे आवाज नाही. त्यांना काही ते पटलेलं दिसलं नाही, पण नाही पण म्हणाले नाहीत. लायब्ररीयन मॅडमची परवानगी काढली, आणि मी आणि माझी रूममेट, ती साउंड बघते, म्हणजे हेडफोन घालून बसते आणि मी चांगल्या शॉटच्या नादात असताना "थांब, बाहेर बाइक" असं म्हणून माझा हिरमोड करते, अशा दोघी तिथे जाऊन बसलो.

पहिलं भांडण पंख्यावरून. पंखा बंद केला की आवाज सुंदर पण काकांना घाम, आणि घामाचा हात कागदाला लावायचा नाही हा त्यांचा नियम, तो मोडायला ते तयार नाहीत. पंखा लावला की त्यांचे कागद उडतात म्हणून तसेही ते एकवरच ठेवतात, आणि एकवर तो पंखा जे काही कुरकुरतो ना. शेवटी असं ठरलं की शिवताना पंखा बंद, खळ लावताना चालू. खळ लावताना आवाज तसाही फार नसतो, ब्रश पुठ्ठ्यावर फिरतो तेवढाच.

मग रूम टोन घ्यायची वेळ आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शूट झालं की त्याच खोलीत सगळ्यांनी गप्प बसून अर्धा-एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते. शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधला खोकला काढून टाकला की तिथे एकदम भोक पडल्यासारखं ऐकू येतं, त्या भोकात ही शांतता भरायची. तर मी सांगितलं, काका आता एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही, हलायचं पण नाही. काका उठून उभे राहिले. हात पुढे बांधले, मान खाली. आम्हाला वाटलं काका एकदम प्रोफेशनल निघाले. थोड्या वेळाने अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं गं?"

तो टेक अर्थातच वाया गेला, पुढचा पण गेला कारण रूममेट हसू थांबवू शकत नव्हती. पण "कोण गेलं गं" हे मी व्हिडिओच्या अगदी शेवटी, नावं संपल्यावर काळ्या स्क्रीनवर ठेवलंय. जे तिथपर्यंत बघतात त्यांच्यासाठी.

आता मुख्य गोष्ट, एडिटिंग. मला जे आवडतं ते खरं म्हणजे हेच, शूटिंग म्हणजे नुसतं सामान गोळा करणं, व्हिडिओ बनतो तो टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या स्क्रीनवरच्या त्या पट्टीवर जिथे क्लिप्स एकापुढे एक लावतात. मी डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते, लॅपटॉप रडतो म्हणून आधी सगळ्या क्लिप्सच्या हलक्या कॉपी, म्हणजे प्रॉक्सी, बनवते आणि मग कापायला बसते. (फोनवाल्यांनो, अजून एक. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते, शूट करताना किंचित वरखाली होत राहतो, लांब क्लिप असेल तर एडिटमध्ये ओठ आणि आवाज शेवटी शेवटी सुटे पडतात. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट कॉन्स्टंट करून घ्या आणि मग बसा. रात्री दोनला हे शोधत बसू नका.)

पहिला कट नेहमी लांबलचक आणि कंटाळवाणा असतो कारण सगळंच ठेवावंसं वाटतं. मग एकेक वाक्य काढत जायचं. आणि मग आवाज सरकवायचा, म्हणजे काका बोलतायत ते चित्र संपायच्या आधीच पुढच्या शॉटचा दोऱ्याचा आवाज सुरू करायचा, किंवा काकांचा चेहरा गेला तरी त्यांचं बोलणं हातांवर चालू ठेवायचं. याला जे-कट आणि एल-कट म्हणतात, टाइमलाइनवर क्लिपचा आकार इंग्रजी J आणि L सारखा दिसतो म्हणून. आवाज आणि चित्र एकाच जागी कापलं की प्रत्येक कट खटकतो, सरकवलं की बघणाऱ्याला कट झालाय हेच कळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला पहिल्यांदा जमली तेव्हा मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवली. तिची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

आणि इथेच एक गोष्ट झाली जी मला अजून सोडत नाहीये.

लेव्ह कुलेशोव्ह नावाचा एक रशियन दिग्दर्शक होता, साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. त्याचा प्रयोग फिल्मवाले सगळीकडे सांगतात, एका नटाचा तोच एक निर्विकार चेहरा, त्याच्यापुढे कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटीतली मुलगी, कधी सोफ्यावर पहुडलेली बाई, आणि बघणाऱ्यांना दर वेळी त्या चेहऱ्यात वेगळं दिसलं, भूक, दुःख, इच्छा. चेहरा तोच. मी हे वाचलं होतं, परीक्षेत आलं तर लिहिलंही असतं, पण स्वतःच्या हाताने होताना बघणं वेगळं.

माझ्याकडे काकांचा एक शॉट होता. मान किंचित तिरकी, डोळे वर, कुठेतरी लांब बघतायत, खिडकीचा उजेड गालावर. अप्रतिम शॉट. प्रत्यक्षात काका तेव्हा भिंतीवरचं घड्याळ बघत होते, कारण जेवायची सुट्टी व्हायला आली होती आणि मी अजून एकदा अजून एकदा करत होते. मी तो शॉट कणा उखडलेल्या, पानं लोंबणाऱ्या एका जुन्या शब्दकोशाच्या शॉटनंतर लावला. बापरे. एकदम त्या माणसाच्या नजरेत पुस्तकांबद्दल अख्ख्या आयुष्याची माया आली. रूममेटने बघितलं आणि ती म्हणाली "अगं मला भरून आलं." तोपर्यंत त्या व्हिडिओत कुणाला भरून आलं नव्हतं.

आणि मी तो शॉट काढला.

का काढला यावर आमचं बरंच वाजलं. तिचं म्हणणं, काकांना पुस्तकांबद्दल माया आहेच की, नाहीतर एवढी वर्षं हे काम कोण करेल, मग शॉट कुठला का असेना, भाव खराच आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नाहीये. पण काका स्वतः कॅमेऱ्यासमोर काय म्हणाले होते? ते म्हणाले होते, "पुस्तकं वाचत नाही मी. फुरसत कुठाय. मला फक्त कळतं हे कुणी वाचलंय आणि हे कुणी नाही, कोपरे बघून." ही कितीतरी भारी गोष्ट आहे, आणि त्या माया भरलेल्या नजरेनंतर हे वाक्य आलं तर ते खोटं वाटतं किंवा मग गरीब बिचारे काका असं काहीतरी होतं. मी दोन्ही ठेवू शकत नव्हते. घड्याळ बघणाऱ्या माणसाकडून मी माझी भावना वदवून घेत होते, आणि ते त्यांना कधी कळलंही नसतं. त्या जागी मी पुस्तकाचे कोपरे घेतले, दोन पुस्तकं शेजारी, एकाचे गोल झालेले, काळपट, एकाचे कोरे करकरीत, आणि त्यावर काकांचा आवाज. भरून वगैरे कुणाला येत नाही आता. पण ते काका आहेत.

व्हिडिओ अपलोड करायच्या आधी लॅपटॉप घेऊन त्यांना दाखवायला गेले. मी हे नेहमी करते, ज्याचा व्हिडिओ त्याने आधी बघायचा, आवडला नाही तर जाणार नाही, हे शूटच्या आधीच सांगितलेलं असतं. काकांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पूर्णवेळ फक्त स्वतःच्या हातांकडे बघितलं. स्वतःच्या चेहऱ्याकडे, बोलण्याकडे अजिबात लक्ष नाही. मग म्हणाले, "मागे घे. अजून मागे. हा. हा टाका बघ, मी चुकीच्या भोकात घातलाय, नंतर उसवला. हे कशाला ठेवलंस? काढून टाक." आणि माझी पंचाईत, कारण सगळ्या व्हिडिओतला माझा सगळ्यात आवडता तुकडा तोच. ते थांबतात, जीभ चावतात, सुई उलटी करून दोरा अलगद मागे काढतात, कागद फाटू न देता, आणि परत मेण लावून तोच टाका परत घालतात. मी म्हटलं काका, नीट घातलेला टाका कुणालाही दिसेल, उसवताना तुम्ही कागद कसा सांभाळता ते कुणाला बघायला मिळतं? त्यांनी परत एकदा बघितलं. "मग त्याच्यावर ते तुझं वाजवू नकोस," म्हणाले. तिथे मी हलकंसं संगीत टाकलं होतं. काढलं. आता तिथे फक्त दोरा आहे, आणि काय सांगू, त्यांचं बरोबर होतं.

(संगीतावरून आठवलं. आवडतं गाणं मागे लावायचा मोह सगळ्यांना होतो, पण यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा गाणं ओळखते, मग जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडकतो. हा क्लेम झाला. स्ट्राइक वेगळा, तो मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की येतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनलच जाऊ शकतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, ऑडिओ लायब्ररी आहे, फुकट आहे, तिथल्या काही गाण्यांना क्रेडिट द्यावं लागतं काहींना नाही, बघून घ्या. नाहीतर काकांचं ऐका.)

व्हिडिओ टाकल्यावर मी स्टुडिओतला रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती लोक टिकले ते, बघते, खोटं का बोलू, रोज बघते. काकांच्या व्हिडिओचा ग्राफ नेमका त्याच उसवायच्या जागी पडलाय. कड्यावरून ढकलल्यासारखा. वर्गातला एक मित्र आहे, त्याचं चॅनल माझ्यापेक्षा कितीतरी मोठं, तो म्हणाला, "बघ, इथे लोक पळतायत, एवढं काप, आणि पहिल्या पाच सेकंदांत हुक टाक, म्हणजे लोकांना अडकवणारं काहीतरी, आणि व्हिडिओ आठ मिनिटांवर ने." त्याचा सल्ला त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. आठ मिनिटं का तर २०२० पासून आठ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत मध्ये जाहिराती टाकता येतात, त्याआधी ही मर्यादा दहाची होती, आणि म्हणूनच त्या काळात तीन मिनिटांची माहिती दहा मिनिटं आणि काही सेकंद चघळणारे व्हिडिओ एवढे दिसायचे. २०१२ मध्ये यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजऐवजी किती वेळ बघितलं याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून सगळेच बघणाऱ्याला धरून ठेवायच्या मागे आहेत. यात कुणाचा दोष नाही, जे मोजतात ते वाढतं. फक्त मी जे करतेय ते तिथे मोजलंच जात नाही. ग्राफ सांगतो लोक कुठे उठून गेले. का गेले ते नाही सांगत, आणि जे बसून राहिले त्यांना काय दिसलं ते तर अजिबातच नाही. तिथे बसून राहिलेल्यांपैकी एकीने खाली लिहिलंय की तिचे आजोबा असाच दोरा दाताने तोडायचे. काका पण दातानेच तोडतात, तो शॉट त्या पडलेल्या जागेच्या बरोबर नंतर आहे.

हुकचं म्हणाल तर यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ बघा कधीतरी. २३ एप्रिल २००५, १९ सेकंद, संस्थापकांपैकी जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून म्हणतो की यांच्या सोंडा खूप लांब असतात, आणि सांगण्यासारखं एवढंच आहे. हुक नाही, काही नाही. आज कुणी असा टाकला तर माझा मित्र त्याला झोडून काढेल.

पण मी फार साधुसंत असल्याचा आव आणत नाही. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मला यासाठीच आवडते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, आणि पहिला मोठा सिनेमा करायच्या आधी त्यांनी काय केलं तर कुंडीत वाटाणे पेरले आणि त्या कुंडीसमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं, एकेक फ्रेम, शूट करत राहिले, की पडद्यावर मिनिटभरात दाण्याचं रोप होताना दिसावं. आपण आज फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण दाबतो तेच, पण हाताने. आणि हे त्यांनी नुसत्या हौसेने नाही केलं, भांडवल देणाऱ्यांना दाखवायला केलं. बघा, हे असं होऊ शकतं, आता पैसे द्या. म्हणजे आजच्या भाषेत डेमो रील. पैशाचा प्रश्न त्यांनाही होता, घरात सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासूनची कामं करत होत्या आणि संसार पण. फरक एवढाच की मला आत्ता कुणाला काही पटवून द्यायचं नाहीये. मी विद्यार्थी आहे, माझी मेस भरलेली आहे, माझ्या व्हिडिओवर कुणाचं घर चालत नाही, आणि ही चैन किती दिवस पुरेल ते मला माहीत आहे, डिग्री संपेपर्यंत. म्हणून तर आत्ताच हट्ट करून घेतेय. नंतर कदाचित मी पण आठ मिनिटांचे बनवीन, तेव्हा ही पोस्ट काढून कुणी दाखवू नका.

घरचं विचाराल तर आईबाबांचा विरोध असा नाही. बाबा म्हणतात "अभ्यास सांभाळून कर", हे ते कशालाही म्हणतात. आईने काकांचा व्हिडिओ तिच्या फोनवर पूर्ण बघितला आणि फोन करून पहिलं काय विचारलं तर "त्यांना डबा वेळेवर खायला दिलास ना?" कारण व्हिडिओत एका शॉटमध्ये मागे त्यांचा न उघडलेला डबा दिसतो. मी तो शॉट शंभर वेळा बघितला असेल, मला डबा दिसला नव्हता. तिला तोच दिसला. भावाने कमेंट टाकलीये, "आज आपण जाणून घेणार आहोत." त्याला ब्लॉक करता येत नाही, तो माझ्या थोड्या सबस्क्रायबरांपैकी एक आहे.

अभ्यासाचं मात्र खरं आहे, ओढाताण होते. सबमिशनच्या आठवड्यात मी टाइमलाइन उघडतच नाही कारण एकदा उघडली की पहाट होते. रेंडर, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल बनायला, लावून जर्नल लिहिते. मास कॉमला का नाही गेलीस असंही विचारतात, मी सायन्सला आहे, आणि मला ते आवडतं पण, लॅबमधली माणसं काय कमी आहेत का.

पुढचा व्हिडिओ तिथलाच आहे. फिजिक्स लॅबमध्ये एक दादा आहेत जे बंद पडलेले गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकसा विद्युतप्रवाह दाखवणारी काट्याची उपकरणं, उघडून दुरुस्त करतात, आत केसाएवढ्या बारीक तारेची गुंडाळी असते, ती तुटली की ते भिंगाखाली धरून जोडतात आणि तेवढा वेळ श्वास रोखून बसतात. म्हणजे आवाजच नाही, रूममेट आत्ताच वैतागलीये की मी रेकॉर्ड काय करू. एचओडी सरांच्या टेबलावर परवानगीचं पत्र पडलंय, त्यांना वाटतंय आम्ही कॉलेजची जाहिरात करतोय, तसं वाटू दे. सही झाली की शूट. इंटर्नलचं टाइमटेबल लागलंय म्हणे, मी अजून बघितलेलं नाही, कुणाकडे फोटो असेल तर प्लीज ग्रुपवर टाका.